नऊ नंबर थांबतात

नऊ नंबरांनी 'नमो मरिये'चा पहिला अर्धा भाग म्हटला, डोळे मिटले आणि ते थांबले. आठव्या सेकंदाला रेडिओवर साबणाची जाहिरात लागली.

मी स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे, इंजिनिअर बाईंच्या शेजारी बसले होते. हातात स्टॉपवॉच आणि पुढ्यात एक छोटा रेडिओ, आपला कार्यक्रम लोकांच्या घरी कसा ऐकू जातोय ते कळावं म्हणून ठेवलेला. त्यातून एक बाई अंघोळ करता करता गाऊ लागली. काचेपलीकडे नऊ नंबर डोळे मिटून, जपमाळेचा मणी बोटात धरून निवांत बसलेले. त्यांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. बारा-तेरा सेकंदांनी त्यांनी पुढचं 'नमो मरिये' सुरू केलं, तशी साबणवाली गप्प झाली. मग ते पुन्हा थांबले आणि ती पुन्हा अंघोळीला बसली.

रोजरीच्या एका टप्प्यात अशा दहा प्रार्थना असतात. दहाही वेळा हेच झालं. मी काचेवर हात आपटले, पण ती काच आवाज अडवायलाच बसवलेली. मी हातवारे केले, तर डोळे उघडल्यावर त्यांना वाटलं मी शाबासकी देतेय. त्यांनी मान तुकवून माझे आभार मानले. आत जावं तर दारावर लाल दिवा लागलेला, आणि दिवा लागला असताना दार उघडायचं नाही हा नियम आमच्या दंतवैद्य डॉक्टरांनीच आमच्याकडून महिनाभर घोकून घेतला होता. ते स्वतः कोपऱ्यात डोक्याला हात लावून बसले होते.

इंजिनिअर बाईंनी खुलासा केला तो असा. रेडिओवर शांतता चालत नाही. आठ सेकंद काही ऐकू आलं नाही, की स्टेशनच्या यंत्राला वाटतं काहीतरी बिघडलं आणि ते आपणहून जाहिरात लावतं. यंत्र व्यवस्थापकांच्या खोलीत, खोलीला कुलूप आणि व्यवस्थापक रविवार म्हणून घरी.

"पण ते थांबले कशाला?" बाईंनी मला विचारलं.

त्यांना काय सांगणार? आमच्यात प्रार्थना अशीच म्हणतात. पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी. चर्चमध्ये नुसतं थांबलं, की तीनशे माणसं उत्तर देतात. सरावाच्या वेळी उत्तर मी देत होते, म्हणून कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. त्या रविवारी मला खोकला झाला, मला काचेबाहेर काढलं, आणि नऊ नंबर जन्मभर जसे थांबत आले तसे थांबले. आम्ही चार-पाच जण आयुष्यभर चर्चला जाणारी माणसं, पण समोर लोक नसतील तर उत्तर कुठून येणार हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तर असा आमचा पहिला कार्यक्रम पार पडला. 'अंथरुणाशी प्रार्थना' हे त्याचं नाव, रविवारी सकाळी दहा ते साडेदहा, चर्चला येऊ न शकणाऱ्या आजाऱ्यांसाठी. ही अर्ध्या तासाची वेळ डॉक्टरांनी मिळवली. स्टेशनच्या व्यवस्थापकांच्या दाढा त्यांनी काढल्या होत्या, आणि दाढ काढताना माणूस कशालाही हो म्हणतो. फादरांनी "हे काम प्रापंचिकांचं, तुम्हीच करा" म्हणून आशीर्वाद दिला आणि अंग काढून घेतलं. मी तीस वर्षं विमा कंपनीत टायपिस्ट होते, म्हणून लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझा स्वभाव उतावळा. समोरच्याचं वाक्य मीच पुरं करून टाकते. म्हणून स्टॉपवॉचही माझ्याकडे आलं.

नऊ नंबर म्हणजे चपला-बुटांच्या दुकानातले सेल्समन. चौतीस वर्षं एकाच दुकानात, एका बुटक्या स्टुलावर, लोकांच्या पायांशी बसून काढली. आत्ताचे फादर नवे आले तेव्हा सगळे त्यांचा हात हातात घेत होते आणि हे त्यांच्या पायांकडे बघत होते. "फादर, तुम्ही आठ घालता. तुमचा नंबर नऊ आहे." फादर तेव्हा किंचित लंगडत असत आणि सगळ्यांना ती काहीतरी जुनी दुखापत वाटत असे. बूट बदलल्यावर लंगडणं गेलं. तेव्हापासून सगळं चर्च यांना नऊ नंबर म्हणतं, फादरसुद्धा.

पण माझ्या मते त्यांचं खरं काम रविवारचं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपली की ते छोट्या डबीत कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन आजाऱ्यांच्या घरी जायचे. एकोणीस घरं. प्रत्येक घरी खाटेशेजारी बसायचं, कम्युनियन द्यायचं, रोजरीचा एक टप्पा बरोबर म्हणायचा. बावीस वर्षं हे चाललं होतं. मग त्यांची फुप्फुसं दगा देऊ लागली. गेल्या वर्षी एका घरी पोचताना ते मधल्या मजल्यावर खाली बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत. डॉक्टरांनी, म्हणजे दातांच्या नव्हे, छातीच्या डॉक्टरांनी, जिने कायमचे बंद केले. एकोणिसांतल्या सतरा घरांना जिना होता.

त्यानंतरचे काही महिने मला आठवतात. मिस्सा संपल्यावर ते चर्चच्या दारात हात मागे बांधून उभे राहायचे, काम सुटलेल्या माणसासारखे. रेडिओचं ठरलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांकडे एकच मागणं केलं: रोजरीची दहा मिनिटं मला द्या. त्यांना त्या घरांमध्ये परत जायला दुसरा रस्ता उरला नव्हता.

सोमवारी व्यवस्थापकांनी निरोप धाडला. पुढच्या रविवारी यंत्राने एकदाही जाहिरात लावता कामा नये, नाहीतर कार्यक्रम बंद. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी आम्हाला नऊ नंबरांच्या घरी जमवलं. त्यांनी उपायही शोधून आणला होता आणि तो अगदी सोपा होता: नऊ नंबरांनी पहिला अर्धा भाग म्हणायचा, आम्ही बाकीच्यांनी स्टुडिओतच दुसरा अर्धा भाग म्हणायचा. शांतताच उरणार नाही.

मला तो पटला. सगळ्यांनाच पटला. नऊ नंबर मात्र आमच्या पायांकडे बघत होते. त्यांच्या बायकोने चहा आणला. वहिनी शाळेत शिपाई होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी कप ठेवता ठेवता सांगितलं, की एकोणिसांतल्या शिवणवाल्या आजींचा फोन येऊन गेला. आजींनी विचारलंय, मी माझा अर्धा भाग म्हणायला घेतला की ती साबणवाली मध्ये का कडमडते?

आम्ही हसलो. नऊ नंबर हसले नाहीत.

"म्हणजे आजींनी म्हटलं," ते म्हणाले. "ऐकलंत ना? त्या म्हणत होत्या." मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी शांतपणे सांगितलं, "आपणच दोन्ही अर्धे भाग म्हणून टाकले तर त्या नुसत्या ऐकतील. आजारी माणूस दिवसभर ऐकतच असतो हो. पोर सांगतं, नर्स सांगते, औषधवाला सांगतो. त्याच्याकडून काही हवंय असं त्याला कोणीच म्हणत नाही. मी बावीस वर्षं त्यांच्या उत्तरासाठी जात होतो. उत्तर नको असेल तर मग वाचायला दुसरं कोणीतरी घ्या."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. ती लागली की ते तोंड भिंतीकडे फिरवत. दुकानातही गिऱ्हाइकासमोर असंच करत. खोके काढायचं निमित्त करून पाठ वळवत. डॉक्टर म्हणाले, मग चार सेकंद थांबा, पाच थांबा, कोणाचं काही बिघडत नाही. नऊ नंबरांनी मान हलवली. अंथरुणावरच्या पोस्टमनला चार पुरतील, म्हणाले, आजींना नाही पुरणार.

सगळे गेल्यावर मी मागे राहिले आणि त्यांना खडसावलं. म्हटलं, तुमच्या हट्टापायी कार्यक्रम बुडेल, मग आजींना ना अर्धा मिळेल ना पाव. त्यांनी मला दुकानातली गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवला की ते उठून चार पावलं चालून येईपर्यंत सेल्समनने बोलायचं नाही, हा त्यांच्या मालकाचा नियम होता. तुम्ही बोललात, की गिऱ्हाईक तुमचं ऐकतं, पायाचं ऐकत नाही. आणि मग म्हणाले, "तुम्ही आजींकडे एकदा जाऊन या. घड्याळ घेऊन जा."

मी गेले, कारण मला त्यांना खोटं पाडायचं होतं.

शिवणवाल्या आजी चौथ्या मजल्यावर राहत. त्र्याऐंशी वर्षांच्या, तीन वर्षं खाटेवर. खिडकीशी त्यांचं शिवणयंत्र होतं, त्यावर आता औषधांच्या बाटल्या मांडलेल्या. सूनबाई मला आत सोडून कामाला लागल्या. मी नऊ नंबरांचा निरोप सांगितला, खुर्ची ओढली, पर्समध्ये हात घालून स्टॉपवॉच चालू केलं आणि 'नमो मरिये' म्हटलं.

आजींनी डोळे मिटले. ओठ हलले, आवाज नाही. पाच सेकंद. त्यांनी श्वास आत घेतला, एक शब्द आला, थांबला, दुसरा आला. नऊ सेकंद. मी खुर्चीत चुळबुळले. अकराव्या सेकंदाला त्या जवळजवळ शेवटाला आल्या होत्या, एवढंच उरलं होतं, आणि मी उरलेलं त्यांच्याऐवजी भरभर म्हणून टाकलं. मग लगेच पुढचं 'नमो मरिये' सुरू केलं.

आजींनी डोळे उघडले. माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"तुम्ही घाईत आहात," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणा." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

उरलेल्या नऊ प्रार्थना मी एकटीने म्हटल्या. पर्समध्ये घड्याळ टिकटिकत होतं ते बंद करायलाही माझा हात गेला नाही. खाली उतरताना माझे कान गरम झाले होते. शाळेत असल्यापासून मला कोणी असं कोपऱ्यात उभं केलं नव्हतं, आणि या बाईंनी ते आवाजही न चढवता केलं होतं.

मी तडक स्टेशनवर गेले. इंजिनिअर बाईंना म्हटलं, चौदा सेकंद हवेत, काय वाटेल ते करा. त्या म्हणाल्या, यंत्राला हात लावायची मला परवानगी नाही. बारीकसा का होईना आवाज चालू असेल तर ते गप्प बसतं, पण संगीत घाला म्हटलं तर तुमचे डॉक्टर नको म्हणतात. मी विचारलं, माणूस समोर बसलाय, माइक चालू आहे, तर अगदी शून्य शांतता येतेच कशी? खोलीत माणूस श्वास तरी घेतो.

बाई जरा अवघडल्या. मग त्यांनी सांगितलं. पहिल्या सरावाला नऊ नंबरांची धाप फार ऐकू येत होती. छातीतून शिट्टी वाजल्यासारखी. ऐकायला बरं नाही वाटणार म्हणून बाईंनीच सोय केली होती, की बोलणं थांबलं की माइक आपोआप बंद व्हायचा. नऊ नंबरांनी स्वतः त्यांना तशी हळूच विनंती केली होती.

म्हणजे धाप उघडी केली की यंत्र गप्प. तोडगा हाताशी होता, फक्त तो त्यांना जाऊन कोण सांगणार हा प्रश्न होता. अर्थात मीच.

मी सांगितलं तेव्हा ते खाटेच्या कडेला बसून बुटांना पॉलिश करत होते. त्यांचा हात थांबला. सगळ्या गावाला माझी छाती ऐकवायची, एवढंच ते म्हणाले. चौतीस वर्षं ज्याने गिऱ्हाइकाला आपला खोकला ऐकू दिला नाही, त्या माणसाला मी काय मागत होते ते मला कळत होतं. या वेळी मात्र मी मध्ये बोलले नाही. मला वाटतं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाच्या तरी उत्तरासाठी थांबले.

उत्तर वहिनींकडून आलं, आतल्या खोलीतून. "मी रोज रात्रभर ऐकते. गावाने अर्धा तास ऐकलं तर काय बिघडतं?"

नऊ नंबर हसले. हसताना धाप लागली, आणि या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

दुसऱ्या रविवारी व्यवस्थापक स्वतः हजर होते, यंत्रासमोर हाताची घडी घालून. नऊ नंबरांनी पहिला अर्धा भाग म्हटला आणि ते थांबले. माझ्यापुढच्या रेडिओतून त्यांचा श्वास येऊ लागला, खरखरत आत, शिट्टी वाजवत बाहेर. आठ सेकंद गेले. दहा गेले. डॉक्टर ओठांवर बोट दाबून बसले होते. चौदाव्या सेकंदाला नऊ नंबरांनी पुढची प्रार्थना सुरू केली. दहाही वेळा यंत्र गप्प राहिलं. बाहेर येऊन व्यवस्थापक म्हणाले, की हे फार विचित्र वाटतं ऐकायला. पण कार्यक्रम चालू राहील.

त्या आठवड्यात स्टेशनवर फोन आले. काहींनी विचारलं, वाचणारे आजारी आहेत का, दुसरं कोणी मिळत नाही का? आमच्या एकोणिसांपैकी कोणीच तसं विचारलं नाही. पोस्टमनने तेवढं कळवलं, की फार थांबता, मला मध्ये डुलकी लागते. नऊ नंबरांना याचा इतका आनंद झाला की त्यांनी ते मला तीनदा सांगितलं.

पुढे फादरांनी बोलावून मला नऊ नंबरांच्या फेरीवर नेमलं. मी नाही म्हणून पाहिलं, माझ्या स्वभावाचे दाखले दिले. फादर म्हणाले, नाव मी नाही सुचवलेलं. ते नऊ नंबरांनी सुचवलं होतं हे उघडच होतं. स्टॉपवॉच डॉक्टरांकडे गेलं, डबी माझ्याकडे आली. आजींकडे पहिले दोन रविवार मी अपराध्यासारखी बसले. तिसऱ्या रविवारी त्यांनी माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतला, काही शिवायचं नव्हतं तरी. तेव्हा मला माफी मिळाली असं मी धरून चालले. मग मी फेरीचा क्रम असा लावला, की बरोबर दहा वाजता आजींच्या खाटेशी पोचायचं. कम्युनियन द्यायचं, औषधांच्या बाटल्यांमधला रेडिओ लावायचा आणि दोघींनी मिळून उत्तर द्यायचं. त्यांचा वेग धरायला मला दोन महिने लागले.

वर्ष होत आलं होतं. नऊ नंबर आता स्टुडिओत चाकाच्या खुर्चीतून जात, नाकाशी प्राणवायूची नळी लावून. डॉक्टरांनी दोनदा सुचवलं, की आधी ध्वनिमुद्रण करून ठेवू. त्यांनी ऐकलं नाही. टेपला कसं कळणार आजींचं झालं की नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना तरी कसं कळत होतं हे आम्ही विचारलं नाही.

त्या रविवारी मी आजींकडे पोचले तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. रोजरी आली. पहिली प्रार्थना, दुसरी, तिसरी. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मी उठून रेडिओ मोठा केला. चौथ्या वेळी त्यांनी पहिला अर्धा भाग म्हटला आणि ते थांबले. आजींनी त्यांचा अर्धा भाग म्हटला, सावकाश, एकेक शब्द करून, शेवटच्या आमेनपर्यंत. मीही म्हटला. रेडिओतून श्वास येत होता, आत, बाहेर. पुढचं 'नमो मरिये' आलं नाही.

आम्ही वाट पाहिली. श्वास चालू होता, पण दोन श्वासांमध्ये अंतर पडत होतं. मला तो ओळखीचा खर्जातला आवाज हवा होता आणि तो येत नव्हता. त्यांना जमत नाहीये, हे साऱ्या गावाला ऐकू जातंय, कोणीतरी सावरून घ्यायला हवं, असं वाटून मी पुढची प्रार्थना आपणच म्हणायला तोंड उघडलं.

आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब," त्या म्हणाल्या. "त्याला वेळ लागतो हल्ली."

त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट चौथ्या मण्यावरच होतं. त्यांनी ते पुढे सरकवलं नाही. रेडिओकडे तोंड करून, डोळे मिटून त्या त्यांच्यासाठी थांबून राहिल्या, आणि त्यांच्याशेजारी मीही.